शूनेमची लहान खोली

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ४, ओव्या ८ ते ३७



अलीशा संदेष्टा शूनेम गांवावरून वारंवार येत-जात असे. त्या गांवीं एक सधन स्त्री राहत होती. शास्त्रांत तिचें नांव दिलेलें नाहीं. तिच्या गांवावरूनच आपण तिला ओळखतों. प्रथम तिनें ह्या वाटसरूस आग्रह करून जेवूं घातलें. पुढें तो त्या वाटेनें जाई तेव्हां तिच्याच घरीं भोजनास थांबूं लागला. कांहीं काळानें तिच्या ध्यानांत आलें कीं, ह्या मनुष्याला नुसती भाकर देऊन भागणार नाहीं. त्याला पाठ टेकावयास जागा हवी आहे. तिनें आपल्या पतीशीं विचार केला, आणि त्यांच्या घरावर संदेष्ट्यासाठीं एक लहानशी खोली उभी राहिली. तींत चार वस्तु मांडल्या : निजावयास पलंग, जेवावयास व लिहावयास मेज, बसावयास चौरंग आणि उजेडास समई.

राजांच्या इतिहासांत शलमोनाच्या मंदिराचेंही वर्णन आहे. त्यांतील सोनें, गंधसरूचें लांकूड, पितळेचे खांब, ह्यांचीं मापें वाचून आपण थक्क होतों. त्याच इतिहासांत पुढें एका गांवच्या बाईनें माडीवर मांडलेल्या चार वस्तूंची यादी आहे. मंदिराचें सोनें शत्रूंनीं लुटून नेलें, खांब फोडून नेले. परंतु ह्या चार वस्तूंची आठवण अद्यापि जिवंत आहे. पवित्र आत्म्यानें ही यादी व्यर्थ लिहविली नाहीं. म्हणून आज आपण तिच्याकडे लक्ष देऊन एका प्रश्नाचा विचार करूं.

प्रश्न असा. पूर्वजांनीं देवाच्या सेवेसाठीं बांधलेलीं जीं जुनीं घरें आहेत, त्यांत पाहुण्यांसाठीं खोल्या कराव्या काय? आणि केल्या तर त्यांत आजच्या काळचें सामान मांडावें काय? कोणी म्हणतात, प्रार्थनेच्या जागीं खाटा कशाला? कोणी म्हणतात, जुन्या भिंतींस जुनेंच शोभतें. नवें आणलें तर पावित्र्य भंगतें. आणखी कोणी म्हणतात, जुनें सगळें पाडा आणि झगझगीत नवें बांधा. हा वाद युरोपांतील मोठ्या मठांत झाला, आणि आपल्या गांवच्या लहान उपासनामंदिराच्या ओसरीवरही होऊं शकतो. यास्तव एका खऱ्या घराचा इतिहास आपण पाहूं.

जर्मनी देशांत एर्फुर्ट नांवाचें शहर आहे. तेथें ऑगस्टीनपंथी संन्याशांचा मठ बांधण्यास इ. स. १२७७ च्या सुमारास आरंभ झाला. ह्याच मठाच्या दारीं १७ जुलै १५०५ रोजीं एकवीस वर्षांचा एक तरुण येऊन उभा राहिला. त्याचें नांव मार्टिन ल्यूथर. थोड्याच दिवसांपूर्वीं वादळांत विजेच्या भयानें त्यानें संन्यासी होण्याचा नवस केला होता. मधला कांहीं काळ सोडल्यास तो १५११ पर्यंत ह्याच घरीं राहिला. १५०७ सालीं त्याला याजकाची दीक्षा मिळाली व ह्याच मठाच्या मंदिरांत त्यानें आपली पहिली मिस्सा केली. येथेंच त्यानें उपासतापास व जागरणें केलीं, पापाच्या ओझ्याखालीं तो तळमळला, आणि येथेंच पवित्रशास्त्र मन लावून वाचावयास शिकला. त्याला जी शांति हवी होती ती त्या खोलीच्या कठोर साधेपणानें दिली नाहीं; ती पुढें देवाच्या कृपेनें, विश्वासाच्या द्वारें मिळाली. तरीही प्रश्न विचारणाऱ्या एका जिवाला त्या घरानें आसरा दिला, हें आपण विसरतां कामा नये.

धर्मसुधारणेनंतर मठ रिकामा होत गेला. शेवटचा संन्यासी १५५६ सालीं मरण पावला. पुढें त्या वास्तूंत विद्यार्थी आले, ग्रंथसंग्रह आला, अनाथ मुलें आलीं. १८७२ सालीं आग लागून ल्यूथरची जुनी खोली जळाली. ती नंतर पुन्हा बांधावी लागली. मग महायुद्ध आलें. २५ फेब्रुवारी १९४५ रोजीं शहरावर विमानांतून बाँब पडूं लागले, तेव्हां आसपासचे लोक ह्या मठाच्या ग्रंथालयाखालील तळघरांत लपले. देवाचें जुनें, जाड भिंतींचें घर. येथें तरी आपण वांचूं, असें त्यांस वाटलें असेल. ती इमारत कोसळली आणि २६७ माणसें तेथें मरण पावलीं. आश्रयाला आलेले पाहुणे आश्रयाच्याच जागीं दगडांखालीं गाडले गेले.

बंधुजनहो, त्या दिवसानंतर त्या घरच्या लोकांनीं दार कायमचें लाविलें असतें तर त्यांस कोण दोष देता? परंतु तसें झालें नाहीं. हळूहळू पडझड दुरुस्त झाली. जेथें ग्रंथालय पडलें होतें तेथें आजच्या पद्धतीची नवी इमारत २०१० सालीं पुरी झाली. आज तो मठ प्रोटेस्टंट मंडळीच्या देखरेखीखालीं सभांचें व भेटीगांठींचें स्थान आहे, आणि जुन्या भिंतींच्या आंत पाहुण्यांना राहण्यासाठीं साध्या, नीटनेटक्या खोल्या आहेत. २३ सप्टेंबर २०११ रोजीं तर एक विलक्षण पाहुणा त्या दारीं आला. ज्या ल्यूथरला रोमच्या पोपनें १५२१ सालीं बहिष्कृत केलें, त्याच ल्यूथरच्या मठांत पोप सोळावे बेनेडिक्ट आले, आणि प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनीं त्यांचें स्वागत केलें. सर्व मतभेद त्या दिवशीं मिटले असें नव्हे. परंतु ज्याच्याशीं मतभेद आहे त्यालाही बसावयास आसन देतां येतें, ही साक्ष त्या घरानें दिली.

अशा घरांत नवें सामान कसें मांडावें, ह्याविषयीं जाणत्या लोकांनीं पुष्कळ विचार केला आहे. १९६४ सालीं व्हेनिस शहरीं जुन्या इमारतींचें रक्षण करणारे तज्ज्ञ जमले व त्यांनीं एक सनद तयार केली. तींतील विचारांवरून आपणांस तीन धडे घेतां येतात.

पहिला धडा हा कीं, जुनें घर वापरल्यानें जगतें. समाजाच्या उपयोगी पडेल अशा कामासाठीं इमारत वापरली तर तिचें रक्षण होण्यास साहाय्य होतें, मात्र त्या वापरासाठीं तिची मूळ रचना बिघडवूं नये, असें ती सनद सांगते. हें आपल्या गांवांतही दिसतें. ज्या घरांत चूल पेटते, केर निघतो, दारें-खिडक्या उघडतात, तें घर शंभर वर्षें टिकतें. कुलूप लावलेलें घर दहा पावसाळ्यांत बसतें. आत्मिक गोष्टींतही तसेंच आहे. वडिलांनीं सोसलेल्या छळाच्या कथा आपण वर्षांतून एकदां सांगतों, त्यांच्या तसबिरींस हार घालतों. परंतु ज्या विश्वासानें त्यांनीं परक्यास घरांत घेतलें तो विश्वास आपण वापरांत ठेविला नाहीं, तर त्या कथा कुलूप लावलेल्या घरासारख्या होतील.

दुसरा धडा सत्याचा आहे. जुन्या इमारतींत कांहीं नवें घालावें लागलें तर तें जुन्याशीं जुळेल असें असावें, परंतु नवें म्हणून ओळखूंही यावें. जुनें असल्याचें सोंग त्यानें आणूं नये, असें ती सनद सांगते. नव्या लांकडाला काळा रंग फांसून, त्यावर खोटी वाळवी कोरून, हें ल्यूथरच्या वेळचें मेज आहे असें भासविणें म्हणजे पाहणाऱ्यास फसविणें होय. नवें मेज सरळ, स्वच्छ, आपल्या काळाचें असावें, आणि जुन्या भिंतीपुढें त्यानें नम्रपणें उभें राहावें. हा नियम सुतारांपुरता नाहीं. आपल्यांपैकीं कित्येकजण प्रभूच्या घरांत नवे आहों. कोणाचे आजोबा प्रथम बाप्तिस्मा घेते झाले, कोणी स्वतःच अलीकडे आले. ख्रिस्ताची मंडळी फार जुनी आहे. तिच्या भिंती प्रेषितांनीं उभारल्या. तींत नवा मनुष्य शोभेल काय, अशी भीति त्याला वाटते, आणि मग तो जुन्याचें सोंग आणूं लागतो : पाळकांसारखा स्वर, उसने शब्द, पाठ केलेल्या प्रार्थना. अरे बंधो, असें करूं नको. नवें लांकूड नवेंच दिसूं दे. देवाला खरें लांकूड पाहिजे, रंग नको.

तिसरा धडा सौम्यतेचा आहे. जुन्या वास्तूंत काम करणारा शहाणा कारागीर भिंतीस होतां होईल तों इजा करीत नाहीं. पलंग, मेज, कपाट हीं आपल्या पायांवर उभीं राहतील अशीं करतो, म्हणजे उद्यां काढावीं लागलीं तर भिंत होती तशीच राहते. जो पाहुण्यांसाठीं खोली सजवितो तो स्वतःही त्या घरांत पाहुणाच आहे. आपल्या आधीं कितीएक आले, आपल्यामागें कितीएक येतील. मंडळीच्या कामांत मात्र आपण पुष्कळ वेळां उलट वागतों. वर्ष-दोन वर्षें वडीलपण हातीं आलें कीं आपले खिळे भिंतींत खोल ठोकून ठेवतों, आणि आपण गेल्यावर मागच्यांस नुसतीं भोंकें सांपडतात.

आतां खर्चाचा प्रश्न येतो. नवें सामान म्हटलें कीं चैन डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु नवें म्हणजे चैनीचें असें नाहीं. फ्रान्स देशांत ल्यों शहराजवळ ला तुरेत नांवाचा मठ आहे. ल कॉर्ब्युझिए ह्या प्रसिद्ध वास्तुशिल्पीच्या आराखड्याप्रमाणें तो १९५६ ते १९६० ह्या काळांत बांधला गेला. आज पाहुणेही तेथील खोल्यांत राहतात. एकेक खोली १.८३ मीटर रुंद, ५.९२ मीटर लांब आणि २.२६ मीटर उंच आहे. उंच मनुष्यानें दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींस बोटें लागतात. आंत झोंपण्याची, लिहिण्याची व धुण्याची सोय, आणि शेवटीं उजेड व वारा येण्यास लहानसा सज्जा. शूनेमच्या बाईची यादी सुमारें अठ्ठावीसशें वर्षांनंतर जवळजवळ तशीच राहिली आहे! अमेरिकेंत शेकर नांवाचे लोक होते. त्यांचीं सर्व मतें आपणांस मान्य नाहींत; परंतु त्यांच्या खोल्या पाहाव्या. भिंतीभोंवतीं लांकडाची एक पट्टी, तीस खुंट्या. टोपी, डगला, दिवा, इतकेंच नव्हे तर खुर्च्यासुद्धां ते त्या खुंट्यांस उलट्या टांगीत, म्हणजे खालची जमीन झाडतां येई. केंटकी प्रांतांतील प्लेझंट हिल येथें त्यांच्या जुन्या घरांत आज पाहुणे उतरतात. ही युक्ति तुम्हांस परकी वाटेल काय? खुंटी तर आपल्या प्रत्येक घरांत आहे.

तेव्हां उणीव पैशाची नसते. उणीव निराळीच असते. ती कोणती हें याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत पाहा. सभेंत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला तर त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यांचा गरीब आला तर त्याला पायांपाशीं बसविणें, हा पक्षपात प्रेषितानें पाप म्हणून दाखविला आहे. इटली देशांत सहाव्या शतकांत बेनेडिक्ट नांवाच्या मठाधिपतीनें आपल्या मठवासीयांसाठीं नियम लिहिले. त्यांतील त्रेपन्नावें प्रकरण पाहुण्यांविषयीं आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा ख्रिस्ताप्रमाणें स्वीकार करावा. पाहुण्यांच्या घरीं पुरेशीं अंथरुणें तयार असावीं. तें काम देवभीरु भावाकडे सोंपवावें. आणि विशेष काळजी गरिबांची व यात्रेकरूंची घ्यावी, असा त्याचा आशय आहे. कारणही त्यानें मोठें मार्मिक दिलें आहे : श्रीमंतांचा धाकच असा असतो कीं त्यांना मान आपोआप मिळतो. गरिबाला मान मिळावा म्हणून मात्र नियम लिहावा लागतो!

आपण प्रोटेस्टंट, मठवासीयाच्या नियमाशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. तर ल्यूथरच्या पुढच्या आयुष्याकडे पाहा. त्यानें मठाचीं व्रतें सोडलीं, पण पाहुणचार सोडला नाहीं. विटेनबर्ग येथील रिकामा झालेला मठच त्याचें घर झाला. १५२५ सालीं त्यानें कॅथरिना फॉन बोरा हिच्याशीं विवाह केला. ती पूर्वीं जोगीण होती. ह्या कर्तबगार बाईनें त्या जुन्या मठाचें घर केलें : विद्यार्थी ठेवून घेतले, प्रवासी, निराश्रित व नातलग ह्यांस जागा दिली, बाग, गुरेंढोरें व स्वयंपाक सांभाळला. १५२७ सालीं गांवांत महामारी आली तेव्हां पुष्कळांनीं पळ काढला. ल्यूथरचें कुटुंब राहिलें आणि त्यांचें घर रोग्यांची शुश्रूषा करण्याची जागा झालें. १५४० सालीं त्या घरास दगडी दार बसविलें, तें आजही कॅथरिनेच्या नांवानें ओळखतात. त्याच्या दोहों बाजूंस बसावयास दगडी आसनें आहेत. दार ओलांडण्यापूर्वींच थकलेल्या मनुष्यास बसतां यावें, अशी ती रचना आहे. मेजाभोंवतीं झालेलें ल्यूथरचें संभाषण जगप्रसिद्ध आहे. परंतु त्या मेजावर ताट कोणी वाढलें हेंही आपण स्मरूं या.

आतां, बंधुभगिनींनो, आपल्या गांवाकडे येऊं. आपल्या कित्येक मंडळ्यांचीं उपासनामंदिरें जुनीं, दगडाचीं व चुन्याचीं आहेत. बहुधा बाजूस एक खोली असते. तींत काय असतें? मोडकीं बाकें, फाटक्या सतरंज्या, नाताळांतील कागदी तारे, गळका पेटारा, आणि कोंपऱ्यांत एक उंदीर! शेजारच्या गांवचा उपदेशक पायीं येतो, रात्रीं भजन सांगतो, आणि ओसरीवर पोत्यावर निजतो. बायबलबाई आली तर तिला कोणाच्या घरीं ठेवावें ह्याची चर्चा तिच्या देखत होते. योहानाच्या तिसऱ्या पत्रांत गायस नांवाच्या भावाची स्तुति आहे, कारण त्यानें फिरत्या सेवकांस घरांत घेतलें. आणि दियत्रेफस नांवाच्या मनुष्याची निंदा आहे, कारण तो स्वतः घेत नसे व घेणाऱ्यांसही अडवी. आपल्या बाजूच्या खोलीचें कुलूप कोणाच्या हातीं आहे, गायसाच्या कीं दियत्रेफसाच्या?

ही खोली उघडा. पाहुण्याची खोली करण्यास मोठा निधि लागत नाहीं. पहिल्या शनिवारीं तरुणांनीं अडगळ काढावी, दुसऱ्या शनिवारीं भिंती झाडाव्या. भिंत चुन्याची असेल तर तिला चुन्याचाच गिलावा व चुन्याचाच हात द्यावा. जुन्या भिंतीवर सिमेंट लिंपलें तर आंतली ओल आंतच कोंडते आणि भिंत सडूं लागते. खाट व पेटी बाहेरच्या भिंतीस चिकटवूं नये; वीतभर अंतर ठेवावें, म्हणजे वारा खेळतो. सुतारास सांगून साधें मेज व बसावयास चौरंग किंवा खुर्ची करावी. कोरीव वेलबुट्टी नको, पण चूळ घट्ट बसलेली असावी व कडा घांसून गुळगुळीत असाव्या. एका पट्टीस पांच-सहा खुंट्या माराव्या. धुतलेली चादर, कांबळें, झांकलेला पाण्याचा घडा व भांडें ठेवावें. उशाशीं वाचण्यापुरता दिवा असावा. संडास व न्हाणी कोठें आहे हें पाहुण्यास विचारावें लागूं नये. आणि दारास आंतून कडी असावी. ही शेवटची गोष्ट लहान समजूं नका. एकट्या प्रवास करणाऱ्या भगिनीला त्या एका कडीमुळें रात्रभर झोंप लागते.

ही खोली कोणासाठीं? पाळकसाहेबांसाठीं होय, परंतु केवळ त्यांच्यासाठीं नव्हे. जिल्ह्याच्या इस्पितळांत नवऱ्यास घेऊन निघालेली बाई, परीक्षेस आलेला विद्यार्थी, ऊसतोडीच्या वाटेवर आजारी पडलेलें मूल व त्याची आई, बाप्तिस्म्यामुळें ज्याच्यावर घरचें दार बंद झालें असा तरुण, हे सर्व ह्या खोलीचे धनी आहेत. त्यांना पाळकांचीच खाट मिळावी, तोच घडा, तेंच भांडें. ज्याच्या हातचें पाणी कालपर्यंत गांवानें घेतलें नाहीं, त्याच्यासाठीं निराळा पेला ठेवूं नका. तो निराळा पेला ज्या दिवशीं त्या खुंटीवर टांगला जाईल, त्या दिवशीं ती खोली प्रभूची राहणार नाहीं, मग भिंती कितीही जुन्या व सामान कितीही सुंदर असो.

आतां शूनेमच्या खोलीकडे पुन्हा जाऊं, कारण तिची खरी कथा अद्यापि सांगावयाची आहे. ती खोली करतांना त्या बाईनें मोबदला मागितला नव्हता. तुझ्यासाठीं राजाकडे शब्द टाकूं काय, असें अलीशानें पुसविलें, तेव्हां मी आपल्या लोकांत सुखानें राहतें, अशा अर्थाचें उत्तर तिनें दिलें. पुढें देवानें तिला पुत्र दिला. तो मोठा झाला, आणि एके दिवशीं कापणीच्या वेळीं शेतांत त्याचें डोकें दुखूं लागलें व तो आईच्या मांडीवर मेला. तेव्हां तिनें काय केलें? तिनें आक्रोश करून गांव गोळा केला नाहीं. तिनें मुलाला उचललें, माडीवर नेलें, आणि पाहुण्याच्या पलंगावर निजविलें. दार लावून ती संदेष्ट्याकडे धांवली. अलीशा आला, त्याच खोलीचें दार त्यानें लाविलें, आणि त्याच पलंगापाशीं त्यानें प्रार्थना केली. तेथेंच त्या मुलानें डोळे उघडले.

भगिनींनो, तो पलंग तिनें परक्यासाठीं केला होता. आपल्या घरावर अशी वेळ येईल हें तिला ठाऊक नव्हतें. ज्या दिवशीं तिच्या स्वतःच्या घरांत कोठेंही आशा उरली नाहीं, त्या दिवशीं दुसऱ्यासाठीं केलेली ती लहान खोलीच तिच्या आशेची जागा झाली. ती खोली नसती तर आपला मृत पुत्र तिनें कोठें ठेविला असता?

परंतु येथें आपण सावध असावें. पाहुणचार केला म्हणजे आपल्यावर दुःख येणार नाहीं, असा करार देवानें केलेला नाहीं. एर्फुर्टच्या तळघरांतील २६७ जणांपैकीं कोणी परत उठला नाहीं. त्या मातांची प्रार्थना शूनेमकरणीहून कमी होती असें म्हणण्याचें धाडस कोण करील? त्यांचा हिशेब पुनरुत्थानाच्या दिवसावर ठेविला आहे. तोंपर्यंत विश्वासी मनुष्याचें काम इतकेंच कीं, जेथें दगड कोसळले तेथें पुन्हा भिंत उभारावी, पलंग घालावा, समई लावावी, आणि दार उघडें ठेवावें. हें मरणाला दिलेलें मंडळीचें उत्तर आहे.

शेवटीं आपल्या प्रभूकडे पाहूं. तो जन्मला तेव्हां उतारशाळेंत त्याला जागा मिळाली नाहीं. सेवा करीत असतां डोकें टेकावयास त्याचें स्वतःचें ठिकाण नव्हतें. बेथानींत मार्था व मरिया ह्यांच्या घरीं तो पाहुणा होई. वल्हांडणाच्या रात्रीं एका अनाम घरधन्यानें त्याला माडीवरची, सजवून तयार केलेली मोठी खोली दिली. त्या सजविणाऱ्यास काय ठाऊक कीं आपण मांडलेल्या मेजावर नवा करार स्थापिला जाणार आहे? आणि अम्माऊसच्या वाटेवर दोघां शिष्यांनीं एका अनोळखी वाटसरूस संध्याकाळ झाली म्हणून आग्रहानें घरीं नेलें. मेजाशीं बसल्यावर पाहुण्यानेंच भाकर घेतली, मोडली, आणि त्यांचे डोळे उघडले. जो आपल्या दारीं पाहुणा होऊन येतो तोच पित्याच्या घरीं आपल्यासाठीं जागा तयार करावयास गेला आहे. तेथें आपली जागा त्यानें केली. येथें त्याची जागा आपण करूं नये काय?

म्हणून वडीलजनांनो, उपदेशकांनो, बायांनो व तरुणांनो, येत्या आठवड्यांत त्या बाजूच्या खोलीचें कुलूप काढा. रात्रीं कोण येईल हें तुम्हांस ठाऊक नाहीं. मम्रेच्या झाडांखालीं बसलेल्या अब्राहामासही ठाऊक नव्हतें.

हे प्रभू येशू, तूं आमच्या दारावर ठोकतोस आणि आम्ही अडगळीचें निमित्त सांगतों. आमच्या मनांतील मोडकें सामान बाहेर काढ. आमच्या जुन्या भिंतींस चुन्याचा शुभ्र हात दे. जो कोणी थकून येईल त्याच्यासाठीं आमच्यांत पलंग, मेज, बैठक व दिवा सदां तयार असो, आणि गरीब व श्रीमंत ह्यांत भेद करणारा निराळा पेला आमच्या हातून कायमचा गळून पडो. आमच्या दुःखाच्या दिवशीं तूं त्याच खोलींत आम्हांस भेट. तुझ्या नांवानें मागतों. आमेन.